अर्धा आकडा

भर समुद्रात घोंगावणाऱ्या चक्रीवादळाला फूटपट्टी लावायला कुणी जात नाही. तिथं ना माणूस, ना यंत्र, ना वाऱ्यानं हलेल अशी साधी फांदी. तरी बातम्यांत त्याचा जोर आकड्यात सांगतात, आणि लोक चहा पिता पिता तो आकडा असा ऐकतात, जणू कुणी तरी आत शिरून तो मोजून आणलाय. तो येतो कुठून हे सांगितलं, तर निम्म्या लोकांच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. तो येतो डोळ्यांतून. हवामान केंद्राच्या वरच्या मजल्यावर, पडदे ओढून अंधार केलेल्या एका खोलीत दोन माणसं बसतात, उपग्रहानं पाठवलेलं चित्र बघतात आणि ठरवतात.

ढग कसे वळलेत, मधला डोळा किती स्वच्छ आहे, त्याभोवतीचं कडं किती थंड आहे आणि कुठं फाटलंय का, एवढं बघायचं. ढग जितका उंच चढलेला तितका थंड, आणि कडं जितकं थंड नि अखंड तितकं वादळ जबर. एकापासून आठापर्यंत आकडे, मधे अर्ध्या-अर्ध्याच्या पायऱ्या. याला शास्त्र आहे, कोष्टकं आहेत, जुन्या वादळांचा पडताळा आहे. तरी शेवटी बघणारं कुणी तरी लागतंच.

म्हणून त्या खोलीत एक दंडक होता. दोघांनी एकाच चित्राकडे बघायचं, पण एकमेकांकडे बघायचं नाही. बोलणं तर सोडाच, हूं की चूं करायचं नाही. मधे लाकडी आडोसा. आपापला आकडा पेन्सिलीनं चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी पालथी ठेवायची आणि मग दोन्ही एकदम उलटायच्या. आकडे वेगळे निघाले तर चित्र पुन्हा काढायचं, वाद घालायचा, वेळ आली तर आवाजही चढवायचा. सारखे निघाले तर प्रश्नच मिटला. दोन वेगळ्या माणसांनी, एकमेकांना न विचारता, एकच गोष्ट पाहिली. याहून मोठा पुरावा त्या इमारतीत कुणाला माहीत नव्हता.

त्या दिवशी आडोशाच्या एका बाजूला मास्तर होते. ते कुठल्या शाळेत शिकवत नव्हते, पण केंद्रातल्या प्रत्येकाला वादळ कसं बघायचं हे त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून मास्तर. दुसऱ्या बाजूला तराजूबाई. हे नाव लोक पाठीमागं घेत, आणि तिला ते चांगलं ठाऊक होतं. कँटीनमध्ये साखर किती विचारलं तरी ही बाई क्षणभर विचार करते, असं म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं. ‘साधारण’ हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. ‘सुमारे’ म्हणावं लागलं तर दिवसभर तिला चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं.

आणि समोरच्या पडद्यावरचं वादळ सरळ तिच्या माहेरावर निघालं होतं.

माहेर म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्या कचाट्यात सापडलेली वाळूची लांबट पट्टी. तिच्यावर एकच रस्ता, आणि बाहेर पडायला एकच पूल. तिचा धाकटा भाऊ तिथं होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. आई केव्हाच गेलेली. जुन्या बंदराला लागून बाबांचं घर, आणि भिंतीला भिंत लावून जाळीवाल्या मावशीचं. मावशी नात्यानं कुणीच नव्हती. जाळी विणायची, फाटलेली सांधायची, आणि आई गेल्यावर याच बाईनं हिच्या वेण्या घातल्या, हिला ताप आला की उशाशी बसली. लग्नात हिला निरोप देताना रडलीही तीच.

बाबा आयुष्यभर बंदरावर बावटेवाले होते. केंद्रातून निरोप आला की दगडी मनोऱ्याच्या पायऱ्या चढून माथ्यावरच्या काठीवर त्या नंबरचा बावटा लावायचे. तीन नंबर लागला की होड्या आत. त्यापुढचा लागला की बायका दाराशी येऊन उभ्या राहायच्या आणि बोलायच्या बंद व्हायच्या. ती लहान असताना एकदा तीनचा बावटा लागला आणि तिचा काका अजून बाहेर होता. आईनं बाबांचे पाय धरले. म्हणाली, चारचा लावा, लांबून दिसेल, भावजी घाईनं फिरतील. बाबांनी पाय सोडवून घेतले आणि तीनचाच ठेवला. काका संध्याकाळी नखशिखांत भिजून, हसत हसत आला, पण आई कितीतरी दिवस बाबांशी धड बोलली नाही. तेव्हा बाबांनी लेकीला जवळ घेऊन सांगितलं होतं, “भावासाठी मी एक नंबर वाढवला, तर पुढच्या खेपेला बावट्याकडे बघणार कोण?” हे वाक्य घेऊनच ती शिकली, नोकरीला लागली, आणि तराजूबाई झाली. बापाचा अभिमान तिनं असा अंगात भिनवून घेतला होता.

दुपारी भावाचा फोन आला. ती जिन्यात जाऊन बोलली.

“ताई, खरं सांग. किती जाणार आकडा?”

“बुलेटिन निघालं की कळेल.”

“मी काय रेडिओवाला आहे का? सख्खा भाऊ आहे तुझा.”

“सख्ख्या भावालाही बुलेटिनच.”

“धन्य आहे तुझी! अगं, सहा झाले तर रेड अलर्ट. मग बस येतात, पोलीस घराघरांत शिरतात, बाबांचं काही चालत नाही. साडेपाचला ऑरेंज, म्हणजे ज्याची त्याची मर्जी. आणि बाबांची मर्जी तुला माहितीये. मागच्या खेपेपासून तर ढिम्म हलायला तयार नाहीत.”

मागच्या खेपेला सहाचा आकडा याच खोलीतून निघाला होता. अख्खी पट्टी रिकामी केली, म्हाताऱ्या माणसांना खुर्चीसकट उचलून बसमध्ये घातलं, आणि वादळानं ऐन वेळी तोंड फिरवलं. लोक परत येऊन भावाला नाक्यावर गाठून विचारायचे, “काय रे, तुझ्या बहिणीचं वादळ अजून वाटेतच आहे का?” भावाच्या नाकी नऊ आले होते. बाबा मात्र एकदाच म्हणाले, “तिला दिसलं ते तिनं सांगितलं. वळलं हा वादळाचा प्रश्न.”

“मावशीनं तर गाठोडं बांधून ठेवलंय,” भाऊ सांगत होता. “सारखी विचारतेय, पोरीचा फोन आला का, पोरीचा फोन आला का.”

मागून बाबांचा आवाज आला. “तिला कशाला छळतोस रे? ती देईल तो आकडा सगळ्यांना देईल. फोन ठेव.”

भावानं फोन ठेवला. ती जिन्यातच थोडा वेळ उभी राहिली. ती घाबरली होती, आणि आपण घाबरलोय याचीच तिला जास्त भीती वाटली.

ज्याचं घर वादळाच्या वाटेवर असेल त्यानं खुर्चीवरून उठायला हरकत नाही, असं खोलीत मानलं जायचं. ती मास्तरांकडे गेली.

“मास्तर, मी उठू का?”

“उठून तुझ्या जागी बसणार कोण? बडबड्या विमानात आहे.”

बडबड्या म्हणजे त्यांचा तिसरा सहकारी. वादळाच्या पोटात शिरणाऱ्या विमानात त्याची पाळी होती. हे विमान डोळ्याच्या आरपार जातं आणि छोट्या छत्र्या लावलेल्या नळ्या खाली सोडतं. नळी पडता पडता हवेचा दाब आणि वारा कळवत जाते आणि समुद्रात बुडून मुकी होते. नळीनं सांगितलं की डोळ्यांनी काढलेल्या आकड्याला कुणी विचारत नाही. पण विमान पोचायला अजून वेळ होता, आणि बुलेटिन त्याआधी निघायला हवं होतं.

“माझं घर आहे तिथं,” ती म्हणाली.

“माहीत आहे. तुझ्या बाबांच्या हातचा चहा प्यायलोय मी,” मास्तर म्हणाले. “एका चिठ्ठीवर बुलेटिन काढता येत नाही. बस.”

ती बसली. आडोशापलीकडे मास्तरांची खुर्ची करकरली आणि मग शांत झाली.

चित्र उमटलं. सकाळपर्यंत डोळ्यावर जळमटासारखा ढग होता, तो आता पार गेला होता. डोळा लहान, गोल, लख्ख. कडं सगळीकडून सारखं थंड, सारखं जाड, कुठं चीर नाही. असं चित्र शिकवायला वापरतात. कोष्टकात बघायचीही गरज नव्हती, तरी तिनं बघितलं. सहा. डोळ्याचं आणि कड्याचं तापमान पुन्हा घेतलं, पुन्हा कोष्टक लावलं. सहा. तिनं चिठ्ठीवर सहा लिहिलं.

आणि मग तिच्या मनानं घात केला. सहा म्हणजे बस. सहा म्हणजे पोलीस बाबांच्या दारात. भाऊ काय म्हणाला होता? सहा झाले तर बाबांचं काही चालत नाही. हा आकडा तिला हवा होता, अगदी जिवापासून हवा होता, आणि जो आकडा इतका हवासा वाटतो तो डोळ्यांनी दिला की मनानं, हे कसं ओळखायचं? ते घर तिथं नसतं तर आपण सहा लिहिलं असतं का? कड्याच्या एका कोपऱ्यात रंग किंचित फिका नव्हता का? मघाशी नव्हता. आता तिला तो फिका दिसायला लागला. दगडी मनोऱ्यावर चारचा बावटा मागणारी आई आठवली, पाय सोडवून घेणारे बाबा आठवले.

तिनं खोडरबर घेतलं, सहा पुसलं आणि साडेपाच लिहिलं.

त्याक्षणी तिला हलकं वाटलं, हे सांगायलाच हवं. बापाच्या शब्दाला जागलो, नात्यागोत्याला बळी पडलो नाही, असं वाटून ती ताठ बसली. प्रामाणिक माणसालाही आपल्या प्रामाणिकपणाचा माज येतो, आणि त्याला तो कळतच नाही.

“झालं?” मास्तरांनी विचारलं.

“झालं.”

दोघांनी चिठ्ठ्या आडोशाखालून पुढं सरकवल्या आणि उलटल्या. साडेपाच. साडेपाच.

तिनं इतका मोठा श्वास सोडला की मास्तर दचकले. बघा, आपल्याला सहा दिसलं ते भीतीपोटीच! मास्तरांचा ना भाऊ तिथं, ना बाप. त्यांच्या निर्मळ डोळ्यांनाही साडेपाचच दिसलं. तिचे डोळे भरून आले. मास्तरांचा चेहराही सैल झाला होता. आपल्यासाठीच त्यांना बरं वाटलं असणार, असं तिला वाटलं. आकडे सारखे होते, त्यामुळे चित्र पुन्हा काढायचा, वाद घालायचा सवालच आला नाही. साडेपाचचं बुलेटिन ऑरेंज अलर्टसकट निघालं.

विमान डोळ्यात शिरलं तेव्हा बाहेर अजून उजेड होता. बडबड्याचं नाव उगाच पडलं नव्हतं. हेलकावे खाणाऱ्या विमानातूनही तो कुणाची तरी टिंगल करत असायचा, कड्यातून पार झाला की “आलो बुवा माजघरात” म्हणायचा. त्या दिवशी तो काहीच म्हणाला नाही. रेडिओवर नुसती खरखर. मग त्यानं दाबाचा आकडा सांगितला, साडेपाचच्या वादळात असतो त्याहून कितीतरी कमी. मास्तरांनी तो लिहून घेतला आणि म्हणाले, “पुन्हा सांग.”

“पुन्हा काय सांगू, मास्तर? मलाही पटलं नाही. नळी बिघडली असेल म्हणून दुसरी सोडली. दुसरीही तेच बोलतेय.” आवाज थांबला, पुन्हा आला. “कोष्टकात साडेसहाच्या खाली येत नाही हे. तुम्ही साडेपाच कुठून काढलंत?”

रेड अलर्ट काढायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. मास्तरांनी फोन केले, तिनं मजकूर पाठवला, हात यंत्रासारखे चालत होते. मग खालून निरोप आला की पुलाकडच्या रस्त्यावर खाडीचं पाणी चढलंय, पूल बंद केलाय, बस पलीकडेच थांबल्यात.

तिनं भावाला फोन लावला. तो मुलाबाळांना घेऊन बाहेर पडला होता.

“बाबा?” तिनं विचारलं.

“नाही आले.”

“का नाही आले?”

“का म्हणजे? तू साडेपाच सांगितलंस ना. रेडिओ ऐकला आणि म्हणाले, साडेपाचला या घरात पाणी येत नाही, मी जन्म काढलाय इथं.” भाऊ बोलता बोलता थांबला. “ताई, मावशी गाडीत बसली होती गं. गाठोडं मांडीवर घेऊन. बाबा असं म्हणाले आणि ती उतरली. म्हणाली, बावटेवाल्याची पोरगी सांगतेय, मग मी कशाला उगाच धावाधाव करू?”

फोन हातात तसाच राहिला. कधी तरी तो बंद झाला.

मास्तर आडोशाच्या या बाजूला येऊन उभे राहिले होते. त्यांना कधी तिनं या बाजूला उभं पाहिलं नव्हतं.

“मला सहा दिसलं होतं,” ती म्हणाली.

मास्तरांनी टेबलाचा कोपरा धरला. “काय म्हणालीस?”

“सहा दिसलं होतं. लिहिलंही होतं. मग पुसलं. म्हटलं, बाबांच्या ओढीनं वाढवतेय मी.”

मास्तरांनी तिची चिठ्ठी उचलून खोडलेली जागा बघितली. “मलाही सहाच दिसलं,” ते म्हणाले. “मी धरून चाललो की तू घाबरून वर जाणार. साडेसहा लिहिशील, माझं सहा बघून तुझा हट्ट वाढेल, आणि मागच्यासारखी फजिती होईल. म्हणून मी आधीच अर्ध्यानं खाली आलो. तोल सांभाळायला, म्हणजे वादात मधला सहा निघेल.”

दोघांनी पालथ्या चिठ्ठ्यांवर लिहिलं होतं ते वादळाबद्दल नव्हतंच. एकानं दुसरीची भीती मोजली होती, आणि तिनं आपलीच. त्या कड्याला कुठं चीर नव्हती, हे दोघांनाही दिसलं होतं.

“उठू दिलं असतं तुला तर बरं झालं असतं,” मास्तर म्हणाले. मग खुर्चीत बसले आणि त्यांनी तोंड दोन्ही हातांनी झाकलं. तिला त्यांच्यावर रागावताही आलं नाही. दुसऱ्यावर रागावायला आधी स्वतः दोषातून सुटावं लागतं.

पुढचे तास कसे गेले हे सांगून काय होणार? चित्र येत राहिलं, ती आकडे लिहीत राहिली, आणि बंदरावरचं वारा मोजणारं यंत्र मुकं झालं तेव्हा वादळ पट्टीवर चढल्याचं सगळ्यांना कळलं.

वादळ गेल्यावर केंद्राची माणसं किनाऱ्यावर जातात. पाणी कुठवर चढलं ते भिंतीभिंतीवर शोधून मोजायचं असतं, ते ओसरलं तरी खूण राहते. ती त्या तुकडीबरोबर गेली. कुणी नको म्हणालं नाही.

पट्टीवरचा रस्ता जागोजाग वाळूनं गिळला होता. होड्या घरांत शिरल्या होत्या आणि घरांची दारं खाडीत तरंगत होती. बाबा पूल ओलांडून शाळेच्या वर्गात होते, कुणाचा तरी मोठा शर्ट घालून, भिंतीला टेकून. जिवंत होते. भावानं फोनवर तेवढंच सांगितलं होतं, आणि बाकीचं न सांगता सांगितलं होतं.

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हाताची सालटं निघाली होती.

“मनोऱ्याच्या पायऱ्यांपर्यंत आणली होती तिला,” ते म्हणाले. “हात धरला होता. पाणी इतकं येईल असं वाटलंच नाही, नाही तर आधी निघालो असतो. साडेपाचला येत नाही. कधीच आलं नाही.” मग म्हणाले, “खाडीच्या अंगाला सापडली. गाठोडं नव्हतं.”

तिला रडायला आलं नाही. तिनं बाबांच्या सालटं निघालेल्या हातावरून शर्टाची बाही वर सरकवली.

बाबांनी आयुष्यात तिला आकड्याबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा विचारलं. “तुला काय दिसलं होतं?”

खोटं बोलता आलं असतं. चित्र धूसर होतं म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं, आणि वर आणखी विचारलंही नसतं.

“सहा,” ती म्हणाली.

“मग?”

“साडेपाच लिहिलं.”

“का?”

“तुम्ही होतात तिथं. मला वाटलं, तुमच्यासाठी वाढवतेय. काकाच्या वेळी तुम्ही...”

“काकाच्या वेळी निरोप तीनचा आला होता,” बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला सोसलं असतं. “तीनचा आला, तीनचा लावला. वाढवला नाही. पण बाई गं, कमी तरी कुठं केला? भाऊ बाहेर आहे म्हणून दोनचा नव्हता लावला मी.”

ती मान खाली घालून ऐकत होती.

“तू मला वजा करायला गेलीस,” ते म्हणाले. “मला वजा केलंस तर केलंस. पण त्यात ती पण गेली.”

वर्गात दुसऱ्या कोपऱ्यात एक बाळ रडत होतं, त्याची आई त्याला थोपटत होती. बाबा भिंतीला धरून उठले. ती आधार द्यायला गेली तर त्यांनी तिचा हात दूर केला नाही.

“मोजायला आलीस ना? चल.”

“तुम्ही नका येऊ.”

“चल म्हटलं ना.”

मावशीच्या घराचं छप्पर नव्हतं, भिंती होत्या. तुकडीतल्या माणसानं मोजपट्टीची काठी बाहेरच्या भिंतीला लावली, तेव्हा ती म्हणाली, “आतली खूण घ्या. बाहेरची लाटांची असते.” सवयीनंच म्हणाली. आत चिखल होता, आणि चारी भिंतींवर एकसारखी, ओल्या मातीची बारीक रेघ होती. दाराच्या चौकटीच्या वर, जाळी टांगायच्या आकड्याच्याही वर. तो आकडा मावशीला कधी हात वर करूनही गाठता आला नव्हता. जाळी अडकवायला ती याच पोरीला खांद्यावर बसवायची.

बाबांनी त्या माणसाच्या हातातून काठी घेतली आणि सरळ, ओळंब्यात, भिंतीला टेकवून धरली, बावट्याची काठी धरायचे तशी. काठी हलली नाही.

“बघ,” ते म्हणाले. “आणि दिसतं ते सांग.”

ती जवळ गेली. डोळे पुन्हा पुन्हा भरत होते, तिनं बाहीनं पुसले. रेघ काठीवरच्या दोन खुणांच्या मधे होती, वरच्या खुणेच्या जवळ. लिहून घेणारा माणूस दारात थांबला होता. तिनं आकडा सांगितला. आवाज दारापर्यंत पोचला नाही.

“काय?” दारातल्या माणसानं विचारलं.

“मोठ्यानं सांग,” बाबा म्हणाले.

तिनं मोठ्यानं सांगितला.